जीपी पत्राचे पैसे का घेतो? इंग्लंडात नव्याने आलेल्यांसाठी

व्हिसाचा अर्ज करतानाच तुम्ही इथल्या आरोग्यसेवेचे पैसे भरून आलेले असता. प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्याला आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला ७७६ पौंड, आणि तेही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम. आईवडील आणि दोन मुलं असं कुटुंब पाच वर्षांच्या व्हिसावर येतं, तेव्हा नुसता हेल्थ सरचार्ज अठरा हजार पौंडांच्या वर जातो. (हेल्थ अँड केअर व्हिसावर आलेल्यांना तो माफ असतो.) एवढे पैसे मोजलेला माणूस कधीतरी जीपीकडे (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) एक साधं पत्र मागतो आणि रिसेप्शनिस्ट शांतपणे सांगते, याची फी पडेल आणि ती आगाऊ भरावी लागेल. तेव्हा राग येणं मी समजू शकते. मलाही आला होता.

आमचा पहिलाच हिवाळा होता. मुलाला कांजिण्या आल्या, आठवडाभर शाळा बुडाली. साताऱ्यात आमच्या शाळेत डॉक्टरांचा दाखला दिल्याशिवाय वर्गात बसू देत नसत, म्हणून मी धावतपळत सर्जरीत गेले. (सर्जरी म्हणजे इथे शस्त्रक्रिया नव्हे, जीपीचा दवाखाना. हा शब्द पहिल्यांदा ऐकून घाबरलेले बरेच जण मला भेटलेत.) पत्राचे पंचवीस पौंड भरले, दहा दिवस वाट पाहिली आणि ते पत्र घेऊन शाळेत गेले. ऑफिसातल्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, हे आम्ही मागितलं नव्हतं, तुम्ही फोन केला होता तेवढं पुरेसं होतं. पंचवीस पौंड तेव्हा आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती. आज नव्याने आलेलं कुणी मला पत्राबद्दल विचारतं, तेव्हा मी एकच उलटा प्रश्न करते: हे पत्र नक्की कुणाला हवंय, आणि त्यांनी तसं लेखी मागितलंय का?

पैसे का लागतात ते आधी सांगते, कारण ते कळलं की मनातली अढी जाते. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर तपासणीचे पैसे घेतात आणि दाखला बहुतेक वेळा त्यातच येतो. इथे तपासणीला पैसे पडत नाहीत, आणि दाखल्याला मात्र पडतात. आपल्याला हे उफराटं वाटतं. पण जीपी हा सरकारी नोकर नाही. १९४८ साली एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) सुरू झाली तेव्हा हॉस्पिटलं सरकारच्या ताब्यात गेली, पण फॅमिली डॉक्टरांनी पगारी नोकर व्हायला नकार दिला. ते स्वतंत्र राहिले आणि त्यांनी एनएचएसशी करार केला. आजही बहुतेक सर्जरी म्हणजे काही डॉक्टरांनी भागीदारीत चालवलेला व्यवसाय असतो. जागेची देखभाल, नर्स आणि रिसेप्शनिस्टचे पगार, सगळं तेच बघतात. एनएचएस त्यांना मुख्यतः त्यांच्याकडे नाव नोंदवलेल्या माणसांच्या संख्येवर पैसे देते. तुम्ही वर्षात एकदा गेलात काय किंवा वीस वेळा गेलात काय, तुमच्या नावाचे पैसे तेवढेच.

त्या पैशांत काय करायचं हे करारात ठरलेलं आहे: तपासणं, औषध लिहून देणं, हॉस्पिटलकडे पाठवणं, आणि ठरावीक सरकारी दाखले. विमा कंपनी, जिम, विमान कंपनी, घरमालक, विद्यापीठ यांना हवी असलेली कागदपत्रं त्यात नाहीत. तुमचा सरचार्ज उपचारांसाठी आहे. दुसऱ्या कुणाच्या कारभारासाठी लागणारा कागद हे डॉक्टरचं खासगी काम ठरतं. ते करायलाच हवं अशी सक्तीही डॉक्टरवर नाही. नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे, आणि बऱ्याच सर्जरी हल्ली काही प्रकारच्या पत्रांना सरळ नाही म्हणतात.

दोन ओळींच्या पत्राला एवढी फी कशाला, हा पुढचा प्रश्न. ओळी दोनच असतात, पण त्याखाली सही असते. आपण लिहितोय ते खरं आहे याची खात्री करूनच सही करायची, असा डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल काउन्सिलचा दंडक आहे. चुकीची किंवा दिशाभूल करणारी सही केली तर डॉक्टरची नोंदणी धोक्यात येते. म्हणून दोन ओळींसाठी कधीकधी दहा वर्षांच्या नोंदी वाचाव्या लागतात, आणि तेही पेशंट तपासायच्या वेळातून वेळ काढून. शिवाय उपचारांशी संबंध नसलेल्या कागदावर सर्जरी व्हॅटसाठी नोंदलेली असेल तर २० टक्के व्हॅटही चढतो. प्रत्येक सर्जरी आपले दर स्वतः ठरवते, म्हणून तुमच्या मैत्रिणीने दिलेली फी आणि तुमची फी वेगळी असेल. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचा डॉक्टरांना सल्ला आहे की फी आधी सांगावी आणि दर लोकांना दिसतील असे लावावेत. भिंतीवर किंवा वेबसाइटवर तो तक्ता शोधा.

इथे एक गोष्ट जरा स्पष्टच सांगते. महाराष्ट्र मंडळात, गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात आपले मराठी डॉक्टर भेटतात. "डॉक्टरसाहेब, एवढी एक सही द्या ना" म्हणून त्यांना गळ घालू नका. तुम्ही त्यांचे पेशंट नाही, तुमच्या नोंदी त्यांच्यासमोर नाहीत, आणि ओळखीखातर दिलेली सही त्यांच्या इथल्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवू शकते. नाही म्हणताना त्यांना किती अवघड होतं हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. माझी नणंद जीपी आहे.

आता पैसे कुठे देऊ नयेत ते बघू. सगळ्यात जास्त गोंधळ आजारपणाच्या दाखल्याचा होतो. कामावर सात दिवसांपर्यंत गैरहजर असाल (शनिवार-रविवार धरून सात) तर डॉक्टरचा कागद लागतच नाही, तुम्ही स्वतःच लिहून द्यायचं. त्याला सेल्फ-सर्टिफिकेशन म्हणतात आणि फॉर्म सरकारी वेबसाइटवर मिळतो. सात दिवसांनंतर लागते ती फिट नोट, आणि ती मोफत असते. २०२२ पासून ती फक्त डॉक्टरच नाही, तर नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टही देऊ शकतात, म्हणून डॉक्टरचीच अपॉइंटमेंट हवी असा हट्ट धरू नका. दोन दिवसांच्या तापासाठी मॅनेजर डॉक्टरचा कागद मागत असेल तर तो खासगी कागद ठरतो, त्याला फी पडते. अशा वेळी मॅनेजरला नम्रपणे ईमेल करा: हा कागद कंपनीला हवा असेल तर त्याची फी कंपनी देईल का? माझ्या ओळखीच्या तिघांनी हा ईमेल केला, तिघांनाही मग कागदाची गरज उरली नाही असं उत्तर आलं.

गरोदरपणाच्या रजेसाठी लागणारा मॅट-बी-वन दाखला मिडवाइफ किंवा डॉक्टर देतात, तोही मोफत. तो प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या वीस आठवड्यांतच मिळतो, आधी मागून उपयोग नाही.

शाळेला आजारपणाची साधी रजा कळवायला पत्र लागत नाही हे माझ्या पंचवीस पौंडांवरून कळलंच असेल. नर्सरीवाले कधीकधी सांगतात की काल्पॉल (मुलांचं तापाचं औषध) द्यायला डॉक्टरची चिठ्ठी आणा. दुकानात मिळणाऱ्या साध्या औषधासाठी सरकारी नियमांत अशी अट नाही, आईवडिलांची लेखी परवानगी चालते. तेवढं त्यांना सांगून बघा. पासपोर्टच्या फोटोवर सही करायला जीपीकडे जाऊ नका. तो तुमचा वैयक्तिक मित्र असल्याशिवाय ती सही चालतच नाही. शिक्षक, बँकेतला अधिकारी, अकाउंटंट अशा ओळखीच्या माणसाला विचारा.

काही वेळा फी असते, पण ती तुमच्या खिशातून जायची नसते. आयुर्विमा घेताना विमा कंपनी जीपीकडून अहवाल मागवते, त्याचे पैसे कंपनी देते. तो अहवाल कंपनीकडे जाण्यापूर्वी वाचायचा हक्क तुम्हाला १९८८ च्या कायद्याने दिला आहे. संमतीच्या फॉर्मवर तो चौकोन असतो, त्यावर खूण करा आणि खरंच वाचा. वाहन परवाने देणारी सरकारी संस्था डीव्हीएलए स्वतःहून डॉक्टरला विचारते तेव्हा पैसेही तीच देते. पण बस, लॉरी किंवा टॅक्सीच्या परवान्याची वैद्यकीय तपासणी करायची असेल तर ती तुमच्या खर्चाने.

अनेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे तुमच्या नोंदींची प्रत. डॉक्टरने तुमच्याबद्दल नवं पत्र लिहिलं तर फी, पण आधीच लिहून ठेवलेल्या नोंदींची प्रत मे २०१८ पासून मोफत आहे. लेखी मागा, त्याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. साधारण महिन्याभरात ती द्यावी लागते. त्याहून सोपं म्हणजे एनएचएस ॲप. त्यात औषधं, तपासण्यांचे निकाल, लसींची माहिती बऱ्याच जणांना दिसते. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायला, नव्या गावात बदली झाल्यावर, अगदी विद्यापीठालाही अनेकदा एवढं पुरतं. "पत्राऐवजी नोंदीची प्रिंट चालेल का?" हा प्रश्न मागणाऱ्याला जरूर विचारा. मी गेल्या काही वर्षांत जेवढ्यांना हा सल्ला दिला, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचं काम फी न देता झालं.

आईवडील भेटीला आले की वेगळाच प्रश्न येतो. इंग्लंडात जीपीला दाखवायला व्हिसा बघितला जात नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांचीही तात्पुरती नोंदणी होते आणि तपासणीचे पैसे पडत नाहीत. हॉस्पिटलात भरती झाल्यावर मात्र बिल येतं आणि ते एनएचएसच्या दराच्या दीडपट असतं, म्हणून भारतातून निघताना विमा घ्यावाच. त्या विम्याचा दावा करताना उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचा फॉर्म येतो. तो भरायला जीपी फी घेणार हे धरून चाला, पावती जपून ठेवा आणि ती रक्कम दाव्यात धरतात का ते कंपनीला विचारा. विमान कंपनीला हवं असलेलं फिट-टू-फ्लाय पत्र तर अनेक सर्जरी देतच नाहीत. सासऱ्यांच्या वेळी आम्ही तिकिटाच्या चार दिवस आधी जागे झालो आणि शेवटी खासगी दवाखान्यात जावं लागलं. त्यामुळे विमान कंपनीचे नियम तिकीट काढतानाच वाचा.

मुलांना घेऊन भारतात जाणार असाल तर प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी सर्जरीतल्या नर्सला भेटा. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, कॉलरा आणि पोलिओच्या लसी एनएचएसवर मोफत आहेत. रेबीज, जॅपनीज एन्सेफलायटिस आणि प्रवासासाठीची हिपॅटायटिस बी यांना पैसे पडतात, मलेरियाच्या गोळ्यांनाही.

आणि हे मी मुद्दाम लिहितेय. घरात मारहाण किंवा छळ होत असेल आणि कोर्टात लीगल एड (वकिलाच्या खर्चासाठी सरकारी मदत) मिळवण्यासाठी डॉक्टरचा पुरावा लागत असेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी जीपी पैसे मागू शकत नाही. २०२१ च्या कायद्याने ते बंद केलं. तसंच मानसिक आजारामुळे कर्ज फेडता येत नसेल आणि सावकारांना द्यायचा त्यासाठीचा ठरावीक फॉर्म भरायचा असेल, तर इंग्लंडात २०१९ पासून जीपी त्याची फी घेत नाहीत. परक्या देशात, जोडीदाराच्या व्हिसावर, स्वतःच्या नावाने बँक खातंही नसलेली एखादी मुलगी पंचवीस-तीस पौंडांपायी मागे फिरू नये. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर तिला हे सांगा.

पत्र खरंच लागलंच तर त्यासाठी दहा मिनिटांची अपॉइंटमेंट अडवू नका. रिसेप्शनला ईमेल करा. पत्र कुणाला हवंय, त्यात नेमकं काय हवंय आणि कधीपर्यंत हवंय हे लिहा, आणि मागणाऱ्याचं पत्र किंवा ईमेल सोबत जोडा. त्याच ईमेलमध्ये फी किती आणि दिवस किती ते विचारा, आणि उत्तर आल्यावरच होकार द्या. तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. फॉर्म असेल तर तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता हे भाग स्वतः भरून द्या. स्कॉटलंड, वेल्स किंवा नॉर्दर्न आयर्लंडमध्ये राहत असाल तर काही नियम वेगळे आहेत, म्हणून तिथल्या सर्जरीचा तक्ता बघूनच ठरवा.