निशिगंधाचे कंद सोडवताना या चुका टाळा

'निशिगंधाला यंदा फुलंच नाहीत, कोणतं खत घालू?' दर पावसाळ्यात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. मी आधी उलट विचारते, गड्डा, म्हणजे मातीतला कंदांचा झुबका, शेवटचा कधी उपसला होता? बहुतेकांनी तो लावल्यापासून हलवलेलाच नसतो.

निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. दांडा येऊन गेला की त्याचं काम संपलं, पुढची फुलं त्याच्या अंगाला धरलेली पिल्लं देतात. गड्डा वर्षानुवर्षं तसाच राहिला की पिल्लांची दाटी होते. पात भरघोस दिसते, दांडा मात्र एखादाच. त्यावर युरिया टाकला तर पात आणखी माजते. तिसऱ्या वर्षी गड्डा उपसायचा म्हणजे उपसायचाच.

पण कधी? इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये माझ्या ओळखीच्या एका ताईंनी भर श्रावणात गड्डा उपटला. पिल्लं हाताने सुटेनात म्हणून सुरीने चिरली, नळाखाली धुतली आणि त्याच दिवशी काळ्या मातीत परत लावून वर पाणी दिलं. पंधरा दिवसांत पात बुडातून लोळली. मी गेले तेव्हा आम्ही दोघींनी मिळून वाफा उकरला. बोटाला लागत होता तो नुसता चिकट, वास मारणारा लगदा. वाचली ती फक्त धुताना निसटून पडवीच्या कोरड्या विटांमागे गेलेली पिल्लं. ती आम्ही कागदावर पसरून ठेवली आणि उन्हाळ्यात लावली. पहिल्या पावसाळ्यात नुसती पात आली, दांडे त्याच्या पुढच्या वर्षी.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. नाशिकची थंडी पडली की पात आपोआप पिवळी पडते. तेव्हा पाणी तोडायचं. हिरवी पात नीटनेटकेपणासाठी कापायची नाही, तिच्यातलं अन्न कंदात उतरायला हवं. पात पूर्ण वाळली की फेब्रुवारीत, वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी ठाक अशी असताना, लांबून खुरपं घालून गड्डा अख्खा उचलायचा. धुवायचा नाही. सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर ठेवला की माती झडते आणि पिल्लं बोटांनीच सुटतात. जे सुटत नाही ते अजून तयार नाही, त्याला जोडीनेच लावायचं. सुरीला मी हातही लावत नाही. प्रत्येक जखम म्हणजे बुरशीला उघडं दार.

सोडवलेले कंद लगेच मातीत घालण्याची घाईही नको. महिना-दीड महिना जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगून ठेवा, प्लॅस्टिकच्या डब्यात नाही. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया हा माझा लावणीचा काळ. पाऊस येईपर्यंत मुळं धरलेली असतात.

निवड करताना सुपारीएवढे आणि त्याहून मोठे कंद फुलांसाठी. बारीक पिल्लांचा वेगळा वाफा करा आणि त्यांच्याकडून पहिल्या वर्षी फुलाची अपेक्षा ठेवू नका. लोक ती मोठ्यांबरोबरच लावतात, मग नर्सरीवाल्याने फसवलं म्हणतात.

टोक वर, मातीखाली दोन-अडीच इंच. आपल्या काळ्या जमिनीत गादीवाफाच, म्हणजे उंच केलेला वाफाच हवा, त्यात शेणखत आणि जाडी वाळू मिसळा. सपाट जमिनीत गोदाकाठच्या पावसाचं पाणी साचतं आणि मग कोणतंही औषध उपयोगी पडत नाही. बारा इंची कुंडीत चार कंद पुरे. निम्मा दिवस ऊन मिळत नसेल तर लावूच नका.

वासासाठी हवा असेल तर एकेरी, म्हणजे पाकळ्यांचा एकच थर असलेल्या फुलांची जात घ्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची प्रज्वल किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनी. डबलचा दांडा फुलदाणीत शोभतो, पण अंगणात रात्री दरवळतो तो एकेरीच.

लावणीनंतर तीनेक महिन्यांनी दांडे दिसू लागतात. तोपर्यंत माती उकरून 'कोंब आला का' पाहू नका, कोवळं टोक मोडतं. आणि फुलदाणीसाठी दांडा कापायचा तर खालची एक-दोन फुलं उमलल्यावरच. अगदी मुक्या कळ्यांत कापला तर वरच्या बऱ्याच कळ्या न उघडताच सुकतात.