एमजीबीच्या बॉनेटखाली जास्त लिफ्टचा कॅम आणि वेबर कार्ब्युरेटर कसे बसवावेत

एमजीबी ही 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली स्पोर्ट्स कार आहे आणि तिचे 1798 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन ओतीव लोखंडाचे, पुशरॉडचे आणि अतिशय समजूतदार आहे. कोल्हापुरात हे काम करणाऱ्याला एक मोठी सोय अशी, की बोअर मारणे, हेडला फेस मारणे, व्हॉल्व्ह सीट कापणे ही सगळी कामे शिवाजी उद्यमनगरात चोख होतात. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजेच कॅम), टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉडला वर ढकलणारा भाग), वेबर कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र बाहेरून मागवावे लागतात.

दोन गोष्टी सुटे भाग मागवण्यापूर्वीच ठरवाव्यात. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर तिचे इंजिन, चासी आणि बॉडी मूळ स्वरूपात असणे आवश्यक आहे. त्यामुळे ज्याला ती नोंदणी हवी आहे त्याने या फंदात पडू नये, आणि ज्याला नको आहे त्यानेही काढलेले मूळ भाग तेल लावून जपून ठेवावेत. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलचे ऑक्टेन, म्हणजे ठोकणे रोखण्याची क्षमता, मर्यादित असते, तर या इंजिनाचे मूळ कॉम्प्रेशनच 8.8 आहे. ‘हेड थोडे जास्त घासा, ताकद वाढेल’ हा सल्ला येथे हमखास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे, कारण तसे केलेले इंजिन पन्हाळ्याचा चढ लागला की ठोकू लागते. हेडला फेस फक्त सपाटीपुरता मारून घ्यावा.

रेडिएटर, टायमिंग कव्हर, हेड, डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह, संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि ऑइल पंपाचा ड्राइव्ह काढल्यावर जुना कॅम पुढच्या बाजूने बाहेर येतो. नवा कॅम बसवताना लोबला (कॅमवरच्या उंचवट्यांना) आणि टॅपेटच्या तळाला असेंब्ली पेस्ट भरपूर लावावी. टॅपेट नवेच घ्यावेत. टॅपेटचा तळ डोळ्याला सपाट दिसला तरी अगदी किंचित फुगीर घासलेला असतो, त्यामुळे चालताना टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. जुन्या टॅपेटचा हा फुगवटा जुन्या कॅमने केव्हाच खाल्लेला असतो आणि असा टॅपेट नव्या लोबचा काही मिनिटांत चुरा करतो. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

आता खरा टप्पा, म्हणजे कॅमचे टायमिंग (क्रँकच्या कोणत्या अंशाला कॅम व्हॉल्व्ह उघडतो ते). माझी सर्वांत जास्त झटापट याच टप्प्याशी झाली आणि सर्वांत वाईट सल्लेही याच टप्प्यावर ऐकायला मिळाले. ‘दोन्ही गियरवरच्या खुणा समोरासमोर आणा आणि कव्हर लावून टाका’ असे सांगणारा मिस्त्री मूळ कॅमपुरता बरोबर असतो. मूळ कॅम सौम्य असतो, त्याला तीन-चार अंशांचा फरक सहज पचतो. जास्त लिफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उचलणाऱ्या, कॅमला तो पचत नाही, आणि चेन, दोन्ही गियर, की-वे व कॅमचे ग्राइंडिंग यांतला थोडा थोडा फरक एकत्र येऊन खुणा तंतोतंत जुळलेल्या असतानाही टायमिंग चार अंशांनी चुकलेले असू शकते. म्हणून अंश मोजल्याशिवाय टायमिंग कव्हर लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम क्रँकच्या पुढच्या टोकाला अंशांची चकती घट्ट बसवावी आणि तारेचा एक काटा ब्लॉकला लावावा. त्यानंतर पहिल्या सिलिंडरचा खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती क्रँकची जागा, शोधायचा. पिस्टन अगदी वर आलेला ‘दिसतो’ ती जागा टीडीसी म्हणून धरणे निरुपयोगी आहे, कारण त्या जागेपाशी क्रँक तीन अंश फिरला तरी पिस्टन मिलिमीटरचा दहावा भागही हलत नाही. त्याऐवजी बोअरवर जाड पट्टी आडवी बोल्ट करून तिच्या मधोमध एक स्क्रू खाली सोडावा, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधीच त्यावर अडेल. क्रँक हाताने सावकाश फिरवून पिस्टन टेकल्यावर चकतीवरचा अंश लिहून घ्यावा, मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवावा. एका बाजूला 31 आणि दुसऱ्या बाजूला 35 आले, तर दोन्हीकडे 33 दिसेल असा काटा सरकवावा. आता चकतीवरचे शून्य हाच खरा टीडीसी. यानंतर चकती वा काटा यांना धक्का लागला, तर हे सगळे पहिल्यापासून करावे लागते.

पट्टी काढून पहिल्या सिलिंडरच्या इनलेटचा पुशरॉड टॅपेटवर ठेवावा. या इंजिनात व्हॉल्व्हचा क्रम पुढून एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट असा आहे, म्हणजे हवा तो पुशरॉड पुढून दुसरा असतो. घाईत पहिलाच धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे सगळे आकडे अर्थातच निरर्थक निघतात. डायल गेजचा दांडा पुशरॉडच्या वाटीत, त्याच्याशी एका सरळ रेषेत टेकवावा. क्रँक पुढून पाहताना घड्याळाच्या दिशेनेच फिरवावा, म्हणजे चेनची ढील टेन्शनरच्या बाजूला राहते. आकड्याच्या पुढे गेलात, तर तेवढेच मागे येऊ नये. पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यावे. हा नियम मोडला की गेज कितीही महागडे असले तरी वाचन खोटे येते.

कमाल लिफ्टपाशीही काटा बराच वेळ थबकतो, म्हणून तिथेही डोळ्यावर विसंबू नये. कमाल लिफ्टवर गेज शून्यावर आणावे आणि काटा चढताना व उतरताना शून्याच्या 0.25 मिलिमीटर खाली असतो तेव्हाचे अंश लिहावेत. समजा टीडीसीनंतर 91 आणि 125 अंश आले, तर त्यांच्या बेरजेचा निम्मा, 108 अंश, ही इनलेटच्या पूर्ण लिफ्टची जागा झाली. कॅमसोबतच्या कार्डावर 106 लिहिले असेल, तर कॅम दोन अंश रिटार्ड, म्हणजे उशिरा, आहे. तेवढ्या अंशांची ऑफसेट की (गियर किंचित सरकवून बसवणारी चावी) कॅमच्या गियरमध्ये बसवावी आणि पुन्हा मोजावे. वाचन 110 झाले, तर की उलटी बसली आहे असे समजावे. सगळे मापन किमान दोनदा एकसारखे येईपर्यंत समाधान मानू नये.

त्यानंतर पिस्टनवर मऊ चिकणमातीची वडी ठेवून, हेड जुन्या पॅकिंगवर तात्पुरते कसून आणि टॅपेटचा गॅप लावून क्रँक दोन फेरे हाताने फिरवावा आणि दबलेल्या वडीची जाडी मोजावी. इनलेटखाली 2 आणि एक्झॉस्टखाली 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी जागा उरत असेल, तर ते इंजिन सुरू करू नये.

वेबर बसवणे त्यामानाने सोपे आहे. मात्र त्याचे रबरी ओ-रिंगवाले माउंट आवळून दाबू नये, कारण त्याला थोडी हालचाल मिळाली नाही तर इंजिनाच्या थरथरीने फ्लोट चेंबरमधले पेट्रोल फेसाळते. इंधनाचा दाब 3 पीएसआयच्या आसपास पुरे होतो, त्यामुळे जोरकस पंप लावण्याची गरज नाही. या हेडला इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्यामुळे दोन्हींच्या मधे उष्णतारोधक पत्रा हवाच. तो नसेल तर एप्रिलच्या दुपारी ताराराणी चौकात सिग्नलला थांबलेल्या गाडीचे पेट्रोल कार्ब्युरेटरमध्येच उकळू लागते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या जिल्ह्याच्या उसाला त्याचा फायदा असला तरी जुन्या रबरी नळ्या त्याने फुगून तडकतात आणि मिश्रणही पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात आणि मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) एक पायरी मोठा ठेवून सुरुवात करावी.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी प्लग काढून ते स्टार्टरवर फिरवावे आणि ऑइल प्रेशर दिसू द्यावे. झिंकचे प्रमाण चांगले असलेले ऑइल भरावे. इंजिन सुरू होताच ते 2000 ते 2500 आरपीएमवर न्यावे आणि सलग वीस मिनिटे तिथेच ठेवावे, कारण आयडलवर लोबवर पुरेसे ऑइल उडत नाही आणि नव्या कॅमची वाट याच पहिल्या मिनिटांत लागते. कार्ब्युरेटरचे बारीक ट्यूनिंग नंतर करता येते. पाणी वा पेट्रोल गळू लागले, तर इंजिन बंद करून दुरुस्ती करावी आणि पुन्हा थेट त्याच आरपीएमवर जावे. मग ऑइल आणि फिल्टर बदलावेत, जुना फिल्टर कापून त्यात धातूचे चमकते कण आहेत का ते उजेडात पाहावे आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला आणून टॅपेटचा गॅप नव्याने लावावा. हा गॅप गाडीच्या पुस्तकातला न घेता कॅमच्या कार्डावरचाच घ्यावा.