कॅशचा आकडा वाढवण्याआधी

ऐरोली, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ॲप्लिकेशन सपोर्टला नव्याने लागलात की "रिपोर्ट उघडतच नाही" ही तक्रार लवकरच येईल. लगेच डेटाबेसची कॅश, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची मेमरी, वाढवू नका. आधी त्या रिपोर्टची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, किती डेटा वाचते ते बघा.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक्सप्लेनला (क्वेरी कशी चालणार याचा प्लॅन दाखवणारी कमांड) ॲनालाइझ आणि बफर्स हे पर्याय लावा. यात क्वेरी खरोखर चालते, म्हणून अपडेट किंवा डिलीट तपासताना ट्रान्झॅक्शन उघडून शेवटी रोलबॅक करा, म्हणजे बदल मागे घेतले जातील. उत्तरात 'हिट' म्हणजे पान (डेटा साठवण्याचा ठरावीक आकाराचा तुकडा) पोस्टग्रेसच्या कॅशमध्ये मिळालं. 'रीड' म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून मागवावं लागलं. पान 8 केबीचं. दहा ओळींसाठी लाख पानं, म्हणजे सुमारे 780 एमबी वाचली जात असतील, तर बहुधा हव्या त्या ओळी पटकन शोधून देणारा इंडेक्स नाही. तिथे कॅश वाढवली तर दुखणं फक्त झाकलं जातं.

इंडेक्स ठीक असेल तर शेअर्ड बफर्सकडे, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅशच्या सेटिंगकडे वळा. मूळ सेटिंग फक्त 128 एमबी असतं. मशीन डेटाबेससाठीच असेल तर रॅमच्या 25 टक्क्यांपासून सुरुवात करा: 16 जीबीला 4 जीबी. 40 टक्क्यांपुढे सहसा फायदा दिसत नाही, कारण पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवरही विसंबून असतं. बदलाला रीस्टार्ट लागतो. इफेक्टिव्ह कॅश साइझ हे सेटिंग मात्र मेमरी अडवत नाही, क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरसाठी तो नुसता अंदाज असतो.

खरा घात वर्क मेम, म्हणजे क्वेरीच्या कामासाठीच्या मेमरीचं सेटिंग, करतो. त्याची मर्यादा प्रत्येक कनेक्शनला नसून कनेक्शनमधल्या प्रत्येक सॉर्टला (क्रम लावणं) आणि हॅशला (जुळणाऱ्या ओळी शोधायला मेमरीत केलेला तक्ता) वेगळी लागू होते. 64 एमबी ठेवले, 100 कनेक्शन आली, प्रत्येकात दोन सॉर्ट, की हिशोब 12.5 जीबीवर जातो. त्यात 4 जीबी बफर्स मिळवा: 16 जीबीचं मशीन संपलं. लिनक्स एखादी प्रोसेस मारतो आणि पोस्टग्रेस सगळीच कनेक्शन तोडून पुन्हा उभं राहतं. म्हणून सगळ्यांसाठी मूळचे 4 एमबी किंवा थोडे जास्त ठेवा, आणि प्लॅनमध्ये 'एक्स्टर्नल मर्ज' (मेमरी न पुरल्याने डिस्कवर झालेला सॉर्ट) दिसणाऱ्या जड रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनपुरतेच सेट लोकल या कमांडने वाढवा.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये शेअर्ड बफर्सचं काम इनोडीबी बफर पूल करतो. तोही मुळात 128 एमबी; स्वतंत्र सर्व्हरवर रॅमच्या 80 टक्क्यांपर्यंत नेतात, पण कनेक्शनांसाठी जागा उरतेय ना हे मोजूनच. जुन्या लेखांतली क्वेरी कॅशची सेटिंग उचलू नका: 8.0 मध्ये ती काढून टाकली आहे आणि कॉन्फिग फाइलीत ती ओळ राहिली तर सर्व्हर सुरूच होत नाही.

हिट रेशो, म्हणजे किती पानं कॅशमध्येच मिळाली याचं प्रमाण, सर्व्हर सुरू झाल्यापासूनच्या बेरजेवरून काढू नका. गर्दीच्या वेळी काउंटर दोनदा टिपा आणि फरकावरून काढा. रीस्टार्टनंतर लगेचचे आकडेही धरू नका, कॅश तेव्हा रिकामी असते. पोस्टग्रेसमध्ये पीजी प्रीवॉर्म या एक्स्टेन्शनचं ऑटोप्रीवॉर्म चालू केलं तर आधीची पानं परत भरली जातात. मायएसक्यूएल 5.7 पासून बंद होताना पूलमधल्या अलीकडे वापरलेल्या 25 टक्के पानांची यादी आपोआप ठेवतो आणि सुरू होताना ती परत आणतो.