ॲरिझोनाचे वाळवंट: सकाळी डोंगर, दुपारी बेसबॉल

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली माणसे आता मराठवाड्याच्या बहुतेक गावांत सापडतात. त्यांच्याकडे निघालेल्या मित्रांचा बेत न्यूयॉर्क, नायगारा आणि लास व्हेगास असा जणू आधीच ठरलेला असतो. परंतु चार-सहा मित्र एकत्र जाणार असतील आणि त्यांतील काहींना खेळाची, तर काहींना डोंगर चढण्याची ओढ असेल, तर ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहराचा विचार अवश्य करावा. दरवर्षी फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या ३० संघांपैकी १५ संघ येथे हंगामापूर्वीचा सराव करतात आणि आपसांत सामने खेळतात. या सामन्यांना ‘कॅक्टस लीग’ म्हणतात. त्यांची दहाही मैदाने फिनिक्स आणि त्याला लागून असलेल्या शहरांत आहेत, आणि सोनोरन वाळवंटातील डोंगर याच वस्तीच्या आत व काठावर उभे आहेत. त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही गोष्टी निवांतपणे साधतात.

मार्च महिना आपल्याकडे परीक्षांचा आणि वर्षाचे हिशेब पुरे करण्याचा असतो, ही खरी अडचण आहे. शिक्षक, बँक कर्मचारी आणि व्यापारी मित्रांनी त्याऐवजी ‘ॲरिझोना फॉल लीग’चा विचार करावा. ही स्पर्धा ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालते, तिच्यात होतकरू खेळाडूंचे सहा संघ असतात, मैदाने कॅक्टस लीगमधलीच असतात आणि गर्दी पुष्कळ कमी असते. दिवाळीच्या सुट्टीला ती जुळू शकते, मात्र ऑक्टोबरच्या आरंभी तेथे ऊन अजून कडक असते. बेत कोणताही असो, सर्वांचे व्हिसा हातात आल्याखेरीज सामन्यांची तिकिटे काढू नयेत, कारण मुलाखतीची तारीख लांबते आणि एकाच गटातील मित्रांनाही वेगवेगळ्या तारखा मिळतात.

आखणीत सर्वांत महत्त्वाचा नियम एकच आहे: डोंगर आणि मैदान शहराच्या एकाच बाजूचे निवडावे. मार्चच्या मध्यावर तेथे साधारण साडेसहाच्या पुढे सूर्य उगवतो आणि बहुतेक सामने दुपारी एकच्या सुमारास सुरू होतात. पहाटे चढाईला लागून साडेदहापर्यंत खाली उतरता आले, तर अंघोळ, जेवण आणि मैदानापर्यंतचा प्रवास घाई न करता होतो. उलट पूर्वेकडील डोंगर आणि पश्चिमेकडील मैदान अशी जोडी लावली, तर दुपार महामार्गावरच जाते. पूर्वेकडे मेसा येथील स्लोन पार्क मैदानात शिकागो कब्ज या संघाचा सामना असेल, तर सकाळी यूसरी माउंटन पार्कमधील विंड केव्ह ट्रेल ही पायवाट करावी. ती जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटरची आहे. स्कॉट्सडेलच्या बाजूला सॉल्ट रिव्हर फील्ड्स हे मैदान आणि मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्हमधील पायवाटा एकमेकांना जवळ आहेत. पश्चिमेकडे सरप्राइज किंवा पिओरिया येथे सामना असेल, तर व्हाइट टँक माउंटन पार्कमधील वॉटरफॉल ट्रेल घ्यावी. तेथील धबधबा पाऊस झाल्यावरच वाहतो, पण वाटेवरच्या खडकांवर प्राचीन होहोकाम लोकांनी कोरलेली चित्रे आहेत. लेण्यांच्या प्रदेशातून आलेल्या माणसांनी ती पाहिलीच पाहिजेत आणि त्यांना हात लावू नये.

शहराच्या मध्यावरील कॅमलबॅक डोंगर ८२५ मीटर उंच आहे. त्याची एको कॅन्यन वाट अंतराने थोडकी, पण सरळ अंगावर येणारी आहे. काही ठिकाणी लोखंडी कठडे धरून खडकावर चढावे लागते. गुडघे दुखणाऱ्या मित्राला तेथे आग्रहाने नेऊ नये. त्याच्यासाठी पापागो पार्कमधील होल-इन-द-रॉक ही छोटी टेकडी पुरेशी आहे. निघण्यापूर्वी महिनाभर छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी गोगाबाबा टेकडी आणि दौलताबादचा किल्ला चढून पाय तयार करावेत, बूटही त्याच वेळी वापरून मऊ करून घ्यावेत.

आपण चाळीस अंशांच्या उन्हात वाढलो आहोत, तेव्हा पंचवीस अंशांचे ते काय, असे मनात येणे स्वाभाविक आहे, पण हा भरवसा घातक ठरू शकतो. तेथील कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो, त्यामुळे शरीरातील पाणी किती कमी झाले हे कळत नाही. चढाईत माणशी तासाला किमान अर्धा लिटर पाणी धरावे, मीठ-साखरेच्या पुड्या सोबत ठेवाव्यात आणि निम्मे पाणी संपले की शिखर जवळ दिसत असले तरी परत फिरावे.

एक साधा प्लास्टिकचा कंगवाही खिशात असू द्यावा. चोया नावाच्या निवडुंगाचा तुकडा नुसता स्पर्श झाला तरी कपड्याला किंवा कातडीला चिकटतो, आणि त्याच्या काट्यांना उलटी कुसळे असल्यामुळे बोटांनी ओढू गेल्यास तो बोटांनाच रुततो. कंगवा तुकडा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून तो झटक्याने उडवावा आणि राहिलेले काटे चिमट्याने काढावेत. मार्चमध्ये रॅटलस्नेक जातीचे विषारी साप ऊन खायला बाहेर येतात, म्हणून दिसत नाही अशा कपारीत हात घालू नये.

क्रिकेट पाहणाऱ्या डोळ्यांना बेसबॉल समजायला दोन डाव पुरतात. फलंदाजासमोर जमिनीत बसवलेली पाटी म्हणजे होम प्लेट. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या, या प्लेटच्या रुंदीच्या काल्पनिक चौकटीतून चेंडू गेला आणि फलंदाजाने मारला नाही तर स्ट्राइक, चौकटीबाहेरून गेला आणि त्याने बॅट फिरवली नाही तर बॉल. तीन स्ट्राइकना बाद, चार बॉलना पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांतील पहिला, मोफत. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते, आणि असे नऊ डाव होतात. यष्टींमागे चेंडू कट करून धावा मिळवण्याची आपली सवय येथे निरुपयोगी आहे, कारण तो फाउल ठरतो, म्हणजे त्यावर धाव मिळत नाही. सराव सामन्यांत नामांकित खेळाडू बहुधा पहिले चार-पाच डाव खेळून बाहेर पडतात आणि मग नवोदितांना संधी मिळते, म्हणून उशिरा जाण्यात मोठे नुकसान आहे. दरवाजे उघडताच आत गेल्यास फलंदाजीचा सराव जवळून दिसतो आणि खेळाडू कुंपणापाशी येऊन स्वाक्षऱ्याही देतात. मैदानाच्या टोकाकडील हिरवळीवरची तिकिटे सर्वांत स्वस्त असतात आणि मित्रांनी चादर अंथरून बसायला ती जागा मला सर्वांत प्रिय आहे, परंतु तेथे सावलीचा पत्ता नसतो. ज्या दिवशी मोठी चढाई झाली असेल, त्या दिवशी होम प्लेटच्या मागील छताखालच्या वरच्या रांगा घ्याव्यात.

गाडीशिवाय ही सहल जमत नाही, म्हणून निदान दोघांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. सोबत शेंगदाण्याची चटणी न्यावी, विमानतळावर अधिकाऱ्याला ती दाखवून सांगावी. ताजी फळे, मांस आणि बियाणे मात्र नेऊ नयेत. मैदानात बाहेरचे पाणी, खाणे आणि पिशव्या किती चालतात याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असल्याने ते आदल्या रात्रीच संघाच्या संकेतस्थळावर वाचून पिशवी भरावी.