डॅशबोर्ड हिरवा आणि खाते रिकामे: घरगुती सेवांच्या ठेकेदारांनी या चुका टाळाव्यात

प्लंबिंग, वायरिंग, एसी दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, रंगकाम अशी घरगुती कामे घेणारा कोल्हापूरचा ठेकेदार आजवर खिशातल्या डायरीवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर धंदा चालवीत आला आहे. चार माणसे हाताखाली असतात तोवर ते निभावतेही. माणसे दहा-बारा झाली आणि कामे कळंब्यापासून कागलपर्यंत पसरली, की कोणीतरी सुचवते की गुगल शीटवर एक डॅशबोर्ड, म्हणजे धंद्याचे मुख्य आकडे एका नजरेत दाखवणारे पान, करून घ्यावा. मी असे डॅशबोर्ड लावून देतो, आणि त्याहून अधिक वेळा दुसऱ्याने लावलेले दुरुस्त करतो. दुरुस्तीला आलेल्या बहुतेक शीटमध्ये सूत्रे बरोबर असतात. चुकलेले असते ते हे, की एखाद्या आकड्यात काय धरायचे आणि काय नाही हे आधी कोणी ठरवलेलेच नसते.

राजारामपुरीतील एका ठेकेदाराने शनिवारी, म्हणजे मिस्त्री-हेल्परांच्या पगाराच्या दिवशी, मला फोन केला. मे महिन्याची उलाढाल ७,०८,००० रुपये म्हणून पडद्यावर हिरव्या रंगात झळकत होती आणि बँकेत पगारापुरतेही पैसे नव्हते. आम्ही तो आकडा सोलून पाहिला. त्यातील १,०८,००० रुपये हा १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे मुळात त्यांचा नव्हताच. उरलेल्या सहा लाखांपैकी ९६,००० रुपये एसी आणि वॉटर प्युरिफायरच्या वार्षिक देखभाल करारांचे आगाऊ आले होते. त्यापोटी पुढील बारा महिने माणूस पाठवायचा होता, त्यामुळे मे महिन्याच्या वाट्याला त्यातील ८,००० रुपयेच येत होते. शिवाय जीएसटीसह २,३६,००० रुपयांची बिले अजून वसूलच झाली नव्हती. हातात आले ४,७२,०००. वसुली होवो वा न होवो, बिल काढले की जीएसटीचे दायित्व उभे राहते. तो वेगळा ठेवला तर मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट धरण्यापूर्वी ३,६४,००० उरतात, आणि त्यातूनच दुकानदाराचे देणे, पगार, पेट्रोल भागवायचे. पडद्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता तो प्रश्न मालकाने विचारलेलाच नव्हता.

म्हणून पहिली चूक टाळायची ती ‘उलाढाल’ नावाचा एकच मोठा चौकोन करण्याची. झालेल्या कामाची करविरहित रक्कम, प्रत्यक्ष वसुली आणि येणे हे तीन आकडे वेगळे दिसले पाहिजेत. येणे दाखवताना ३० दिवसांच्या आतील, ३१ ते ६० दिवसांचे आणि त्याहून जुने असे तीन भाग करावेत, कारण कालच्या बिलाची आणि दिवाळीपासून अडकलेल्या बिलाची काळजी सारखी नसते. कराराचे पैसे बारा भागांत विभागण्यासाठी करारांची वेगळी शीट ठेवून कराराची सुरुवात, शेवट आणि रक्कम एवढे तीन रकाने पुरतात.

येणे कधीच शून्य होत नसेल तर टीडीएस, म्हणजे ग्राहकाने पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला प्राप्तिकर, पाहावा. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे काम केले, १,००,००० रुपये अधिक १८,००० रुपये जीएसटी असे बिल दिले, आणि ठेकेदाराचा व्यवसाय वैयक्तिक मालकीचा असल्याने कारखान्याने मूळ रकमेवर १ टक्का कापून १,१७,००० रुपये जमा केले, तर शीट ते १,००० रुपये वर्षानुवर्षे उधारी म्हणून दाखवीत राहते. असे वीस ग्राहक झाले की ऑफिसमधील मुलगी वसुलीसाठी ज्यांच्याकडे काही येणेच नाही अशांना फोन करू लागते. वसुलीच्या नोंदीत टीडीएसचा स्वतंत्र रकाना ठेवल्याशिवाय यावर उपाय नाही.

बारा तारखेनंतर कामे गायब का होतात

मला सर्वाधिक वेळा विचारली गेलेली तक्रार हीच आहे. महिन्याच्या आलेखात कामे अचानक अर्धी होतात आणि जे महिने अजून उजाडलेले नाहीत त्यांतही कामे दिसू लागतात. कारण असे की शीटची भाषा-प्रांत सेटिंग अमेरिकेची राहिलेली असते आणि तिथे आधी महिना व मग दिवस वाचला जातो. आपण ०५/०६ असे लिहून पाच जून म्हणतो, शीट त्याला सहा मे समजते. तेरा जूनची नोंद आली की तेरावा महिना अस्तित्वात नसल्याने शीट ती तारीख न मानता साधा मजकूर म्हणून ठेवते आणि महिन्यानुसार बेरीज करणारे सूत्र तिला ओलांडून पुढे जाते. म्हणजे पहिल्या बारा दिवसांची कामे वर्षभर विखुरतात आणि उरलेल्या दिवसांची हरवतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: रकान्याला कोणतीही मांडणी दिलेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे सरकून बसते आणि मजकूर डावीकडे. फाइल मेनूतील सेटिंगमध्ये प्रांत ‘भारत’ करावा. मात्र त्याने पुढच्या नोंदी सुधारतात. आधी उलट वाचल्या गेलेल्या तारखा तशाच राहतात आणि त्या जॉब कार्ड, म्हणजे त्या कामाचा नोंद-कागद, समोर ठेवून हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

याच जातीचा दुसरा दोष रकमेच्या रकान्यात आढळतो. वायरमन फोनवरून ‘१५०० रु.’ किंवा ‘१२०० बाकी’ असे लिहितो, शीटच्या लेखी तो मजकूर असतो, आणि बेरजेचे सूत्र कुठलीही चूक न दाखवता त्याला वगळते. चूक न दाखवणे हाच यातील धोका आहे. रकमेच्या रकान्यात फक्त संख्याच स्वीकारली जाईल अशी अट घालावी आणि ‘बाकी’, ‘गुगल पे’, ‘उद्या देतो म्हणाले’ यांसाठी शेजारी शेरा ठेवावा. भागांच्या नावांचेही तसेच. राजारामपुरी, राजारामपूरी आणि शेवटी एक मोकळी जागा सुटलेले राजारामपुरी हे माणसाला एकच पेठ वाटतात, शीटला तीन. नावे लिहू न देता यादीतून निवडायला लावावीत.

दरपत्रकातून भाव उचलणाऱ्या व्हीलुकअप सूत्राबाबत एकच सूचना: त्यातील शेवटचा, तंतोतंत जुळणी मागणारा भाग गाळू नये. तो गाळला की शीट जवळपास जुळणारी ओळ उचलते आणि बेसिन बसवण्याच्या कामाला भलत्याच कामाचा दर लागतो.

सरासरीने केलेली फसवणूक

ग्राहकाचा फोन आल्यापासून माणूस दारात पोहोचेपर्यंतचा वेळ मोजणे चांगले, पण त्याची सरासरी काढून समाधान मानणे बरे नव्हे. समजा, पाच तक्रारींना २, ३, ३, ४ आणि ४८ तास लागले. सरासरी येते १२ तास, जो वेळ पाचांपैकी एकाही ग्राहकाच्या वाट्याला आलेला नाही. मध्यक, म्हणजे वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतला तर ३ तास येतो, आणि ४८ तासांचा ग्राहक वेगळा उचलून त्याच्याकडे का जाता आले नाही हे विचारता येते. टक्केवाऱ्यांची सरासरी तर त्याहून वाईट. एका मिस्त्रीने दोनपैकी दोन कामे पहिल्याच फेरीत पूर्ण केली आणि दुसऱ्याने पन्नासपैकी पंचेचाळीस, तर १०० आणि ९० यांची सरासरी ९५ होते. प्रत्यक्षात ५२ पैकी ४७, म्हणजे साधारण ९० टक्केच कामे पहिल्या फेरीत झाली. सगळी कामे एकत्र मोजून एकदाच भाग द्यावा.

मिस्त्रींची तुलना करताना मला अधिक भीती वाटते, कारण तिथे आकडा चुकला तर माणूस दुखावतो. ‘प्रत्येकाने महिन्यात किती बिल केले’ असा तक्ता भिंतीवर लावणारे एक ठेकेदार माझ्या पाहण्यात आहेत. त्यांचा सर्वांत जाणता मिस्त्री तक्त्यात तळाला होता. इतरांनी बिघडवलेली कामे निस्तरायला त्यालाच पाठवत, त्या फेऱ्यांचे बिल होत नसे, आणि सुमारे वीस किलोमीटरवरच्या कागलच्या साइटही त्याच्याच माथी असत. तक्ता लागल्यावर दोन महिन्यांत बाकीच्यांनी गळती शोधण्याची किचकट कामे टाळून नळ-शॉवर बदलण्याची सोपी, महाग मालाची कामे पकडायला सुरुवात केली. बिलात मालाची किंमत मिसळलेली असल्याने भारी शॉवर बसवणारा आपोआप कर्तबगार ठरत होता. त्याऐवजी बिलातून माल वजा करून उरलेली रक्कम त्या कामावर गेलेल्या माणसी-दिवसांनी (माणसे गुणिले दिवस) भागावी. अर्धा दिवस प्रवासात गेला तर कामाचा दिवस अर्धाच धरावा, आणि तक्रार निस्तरण्याची फेरी ज्याच्या कामामुळे ती करावी लागली त्याच्या मूळ कामावर टाकावी.

त्यावरून परत आलेल्या तक्रारींचा मुद्दा येतो. २८ मेला बसवलेल्या पंपाचा जोड ६ जूनला गळू लागला, तर ही तक्रार कोणत्या महिन्याची? बहुतेक शीट ती जूनमध्ये मोजतात. मग मे महिना निष्कलंक राहतो आणि जूनमध्ये कामे कमी असली तर तक्रारींचे प्रमाण भयंकर दिसते. प्रत्येक तक्रारीवर मूळ जॉब कार्डचा क्रमांक नोंदवला, तर ती मूळ कामाच्या महिन्याला व मूळ मिस्त्रीला जोडता येते. हा क्रमांक नसलेली शीट मी हल्ली दुरुस्तीला घेत नाही. आधी क्रमांक सुरू करायला सांगतो आणि महिन्याने या म्हणतो.

पावसाचे शहर, पुराची वर्षे

मागच्या महिन्याशी तुलना करणारा हिरवा-लाल बाण या धंद्यात जवळजवळ निरुपयोगी आहे. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि एसीची कामे दाटतात, जून लागला की बाहेरचे रंगकाम थांबते, दसरा-दिवाळीच्या तोंडावर ते पुन्हा उसळते. जूनचा बाण लाल होणारच. त्यासाठी डॅशबोर्ड नको, खिडकीबाहेर पाहिले तरी पुरते. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, पण इथेही कोल्हापूरकराला एक सावधगिरी बाळगावी लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. अशा वेळी आधी कामे ठप्प होतात आणि पाणी ओसरले की भिजलेल्या मोटारी, मीटर-बोर्ड, वायरिंग यांची रीघ लागते. २०२२ च्या ऑगस्टची तुलना २०२१ च्या ऑगस्टशी करणाऱ्या ठेकेदाराला धंदा घसरला असेच वाटले असणार. पुराचे आणि २०२० च्या टाळेबंदीचे महिने शीटमध्ये खुणेने वेगळे ठेवावेत आणि त्यांच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या सामान्य वर्षाशी तुलना करावी.

एस्टिमेटचे कामात रूपांतर मोजतानाही काळाचा असाच घोळ होतो. पावसात गळती पाहून जुलैमध्ये दिलेले वॉटरप्रूफिंगचे एस्टिमेट ग्राहक बहुधा पाऊस उघडल्यावर मंजूर करतो. जुलैमधील मंजुऱ्यांना जुलैमधील एस्टिमेटनी भागले तर माणूस हताश होतो, आणि नोव्हेंबरमध्ये जुन्या मंजुऱ्या येऊन पडल्या की उगाच हुरळतो. ज्या महिन्यात एस्टिमेट दिले त्याच महिन्याच्या खात्यावर मंजुरी लिहावी, मग ती कधीही येवो.

आकडा संशयास्पद वाटला तर

सूत्रे उसकटत बसू नये. एक दिवस निवडावा, त्या दिवसाची जॉब कार्डे टेबलावर मांडावीत, हाताने बेरीज करावी आणि शीटमध्ये फिल्टर लावून तेवढाच दिवस पाहावा. ओळींची संख्या जुळली आणि रक्कम जुळली नाही, तर दोष रकमेच्या रकान्यात आहे. संख्याच जुळली नाही, तर तारीख पाहावी किंवा सूत्राची पोहोच पाहावी, कारण पुष्कळदा सूत्र पाचशेव्या ओळीपर्यंतच बांधलेले असते आणि पाचशे एकावे काम होईपर्यंत सारे सुरळीत चालते. लुकर स्टुडिओ या गुगलच्या अहवाल-साधनावर डॅशबोर्ड असेल आणि आत्ता भरलेली नोंद दिसत नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. गुगल शीटमधील माहिती तो मुळात पंधरा-पंधरा मिनिटांनी ताजी करतो, आणि घाई असल्यास त्यातच ती हाताने ताजी करून घेण्याची सोय आहे. गुगल फॉर्मवर आपोआप उमटणारी वेळ ही फॉर्म भरल्याची वेळ असते, काम झाल्याची नव्हे, हेही लक्षात ठेवावे. मिस्त्री रात्री जेवून झाल्यावर दिवसभराचे फॉर्म भरत असेल तर सगळी कामे साडेनऊला झालेली दिसतील.

आठवड्यातून एकदा बँकेच्या खात्यातील जमा, रोख वसुली आणि डॅशबोर्डवरील वसुली यांचा ताळा घालावा. फरक किती आला त्यापेक्षा तो कोणत्या बिलाचा आहे हे सापडणे महत्त्वाचे, आणि आठवड्याचा फरक सापडतो, तिमाहीचा सापडत नाही.

शीटची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक त्याला दिसेल’ अशी उघडी ठेवून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय मात्र आजच मोडावी. त्यात ग्राहकांचे पत्ते, मोबाइल क्रमांक आणि ‘किल्ली शेजारच्या वहिनींकडे’ असे शेरे असतात, आणि काम सोडून गेलेल्या हेल्परच्या फोनमध्येही ती लिंक तशीच उघडते. मिस्त्रीला फक्त फॉर्म द्यावा, आणि डॅशबोर्डच्या पानावर नावाऐवजी जॉब क्रमांक येऊ द्यावा.

राजारामपुरीच्या त्या ठेकेदारांच्या पडद्यावर सुरुवातीला तेवीस चौकोन होते. फोनवर ते पाहायला चार वेळा सरकवावे लागे, म्हणून ते पाहतच नसत. आता पहिल्या पानावर साठ दिवसांहून जुने येणे, या शनिवारी लागणारी पगाराची रक्कम, बँकेतील शिल्लक, उद्याची ठरलेली कामे आणि परत आलेल्या तक्रारी एवढेच आहे. हिरवा रंग त्यांनी स्वतःच काढून टाकायला सांगितला.