कुंडीतला सायकस: थंडीत आणि पावसात या चुका टाळा

नर्सरीत ‘सागो पाम’ म्हणून विकला जाणारा सायकस पाम नाही. तो शंकू धरणारा, अनावृतबीजी (ज्यांच्या बिया फळात झाकलेल्या नसतात अशा) गटातला, मूळचा दक्षिण जपानचा. त्याला थंडीत गुंडाळून ठेवण्याचे जे सल्ले वाचायला मिळतात, ते बर्फ पडणाऱ्या मुलखातले. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 8-10 अंशांवर येतो, पाषाणच्या बाजूला कधी त्याहून खाली. हा सायकस थोडा वेळ शून्याखालचं तापमानही सोसतो, तेव्हा गोणपाट, प्लास्टिक काही नको. पुण्यात सायकस जातो तो बहुतेक वेळा मुळं कुजून.

काळी माती, खोल लावणी

कुंडीत शेतातली काळी माती भरली की जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसेंदिवस ओलीच राहते. एक भाग लाल माती, दोन भाग जाड धुतलेली वाळू किंवा 4-6 मिमीची बारीक खडी आणि एक भाग कोकोपीट किंवा कुजलेलं पानखत, असं मिश्रण करा. कुंडी भरल्यावर लिटरभर पाणी ओतून पाहा. मिनिटभरात तळातून धार लागली नाही, तर वाळू वाढवा. तळाची भोकं जमिनीला चिकटू नयेत म्हणून कुंडी विटांच्या तुकड्यांवर ठेवा. आणि खालची बशी पावसाळ्यात काढून टाका. ती फरशी वाचवते, झाड नाही.

झाड हलू नये म्हणून खोड मातीत पुरणं ही दुसरी चूक. खोडाचा फार तर खालचा एक तृतीयांश भाग मातीत हवा, पोंगा (नवी पानं फुटतात तो मधला शेंडा) पूर्ण उघडा.

खोड बोटानं दाबा. ते दगडासारखं टणक लागायला हवं. मऊ लागलं, आंबूस वास आला, तर झाड उपटून सगळी माती धुवा, पानं कापा आणि पांढरा, कडक भाग लागेपर्यंत कुजका भाग तासून काढा. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराईडची पेस्ट लावा, सावलीत 7-10 दिवस वाळवा आणि मग नुसत्या जाड वाळूत लावा. मुळं फुटायला काही महिने लागतात. रोज हलवून पाहू नका.

मुळांवर पोवळ्यासारखे हिरवट गुच्छ दिसले तर ते मात्र कापू नका. त्यांत नायट्रोजन धरणारे नीलहरित जीवाणू असतात. रोग समजून हे गुच्छ छाटणारे बरेच असतात.

थंडीत उन्हाळ्याचंच पाणी

उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी पाणी ठीक. नोव्हेंबर ते जानेवारी मात्र 12-15 दिवसांनी पुरतं, तेही दोन-तीन इंच खोल काडी खुपसून कोरडी निघाली तरच. पाणी सकाळी नऊ-दहाला घाला; संध्याकाळी घातलं तर माती रात्रभर गार आणि ओली राहते. या तीन महिन्यांत खत बंद ठेवा.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आणलेलं रोप लगेच कुंडीत बदलण्याचा मोह आवरा. फेब्रुवारीअखेर, फुटवा यायच्या आधी बदला. खोडाला आलेली पिल्लंही तेव्हाच काढा आणि कापलेला भाग आठवडाभर वाळवून मगच लावा.

गच्चीवरची कुंडी थंडीसाठी हॉलमध्ये नेऊ नका. अंधारात फुटलेली पानं लांबुडकी, लुळी होतात आणि मार्चच्या उन्हात थेट ठेवली की करपतात. नेलीच असेल तर 10-12 दिवसांत थोडं-थोडं ऊन वाढवत बाहेर काढा.

नवा फुटवा: तीन आठवड्यांचा पहारा

सायकसची नवी पानं एकदम फुटतात आणि मऊ असेतोवर सगळ्यात मोठा धोका प्लेन्स क्युपिड या छोट्या निळसर फुलपाखराचा. ते कोवळ्या पानांवर अंडी घालतं आणि अळ्या काही दिवसांत अख्खा फुटवा फस्त करतात. कोवळ्या पानांभोवती मुंग्यांची ये-जा दिसली तर अळ्या शोधा. मुंग्या त्यांना राखतात. पोंगा फुगायला लागला की बारीक जाळी टाका, पानं कडक होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे. जाळी नसेल तर संध्याकाळी बीटीची (अळ्या मारणाऱ्या जीवाणूंपासून केलेल्या जैविक कीडनाशकाची) फवारणी, डब्यावरच्या प्रमाणात. अळ्या मोठ्या झाल्या की हातानं वेचणंच खात्रीचं. या काळात कुंडी फिरवू नका. पानं वाकडी वळतात.

पिवळी पानं: नवी की जुनी, आधी पाहा

फक्त जुनी पानं पिवळी आणि पानाचा मधला भाग हिरवा असेल तर बहुधा मॅग्नेशियम कमी पडतंय: 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट लिटरभर पाण्यात, तीन-चार आठवड्यांनी एकदा मुळाशी. नवी पानं पिवळट, सुकट, कुरळी असतील तर मँगनीज. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यानं माती अल्कधर्मी झाली की ते मुळांना मिळत नाही. कुंडीच्या कडेला पांढरे क्षार दिसतात. मँगनीज सल्फेट 1-2 ग्रॅम लिटरमागे फवारा. बिघडलेली पानं सुधारत नाहीत, फरक पुढच्या फुटव्यात दिसतो. तोवर ती पानं कापूही नका, झाड त्यातलं अन्न ओढून घेतं.

पानांखाली पांढरी खवल्यांची पूड दिसली तर स्केल कीड. जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा, मग लिटरमागे 5 मिली नीमतेल दर आठवड्याला, ऊन उतरल्यावर.

कुत्रा पाळला असेल तर कुंडी त्याच्या पोहोचेबाहेर ठेवा. सगळं झाड विषारी असतं, बिया सर्वांत जास्त.