डीव्हीआरला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर

डीव्हीआर म्हणजे सुरक्षा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र. त्यातून कॅमेऱ्याची केबल काढताना बीएनसी कनेक्टरच्या (केबलच्या टोकाच्या गोल, फिरवून बसवायच्या जोडणीच्या) धातूला बोट लागून झिणझिण्या आल्या, तर सगळा संच बदलण्याआधी ते व्होल्टेज कोठून येते हे शोधावे, कारण त्यामागे निरुपद्रवी गळतीही असू शकते आणि जीवघेणा बिघाडही. खात्री होईपर्यंत ओल्या हाताने किंवा अनवाणी कोणत्याही जोडणीला स्पर्श करू नये.

सुरुवात सॉकेटपासून करावी. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जेवढे व्होल्टेज दिसते, जवळपास तेवढेच फेज आणि अर्थिंग यांच्यामध्येही दिसायला हवे. ते निम्म्यावर आले किंवा अस्थिर असले, तर अर्थिंग तुटलेले असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी पुढची तपासणी थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

अर्थिंग ठीक असेल, तर डीव्हीआरच्या धातूच्या पेटीपासून अर्थिंगपर्यंतचे एसी व्होल्टेज मोजावे. मीटरवर 90 ते 115 व्होल्ट दिसले तरी लगेच घाबरू नये. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये विद्युत गोंगाट दाबण्यासाठी पुरवठ्याची बाजू आणि 12 व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो. त्यातून अत्यल्प प्रवाह गळतो आणि डिजिटल मल्टीमीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेत नसल्यामुळे तो आकडा मोठा दाखवतो. खरे-खोटे ठरवण्यासाठी पुरवठा बंद असताना पेटी आणि अर्थिंग यांच्यामध्ये 22 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर क्लिपने जोडावा आणि मग पुरवठा सुरू करून, कशालाही हात न लावता, पुन्हा मोजावे. व्होल्टेज थोड्या व्होल्टांवर कोसळले, तर ती कपॅसिटरची गळती आहे; ते शंभराच्या आसपास किंवा वरच टिकले, तर कोठेतरी इन्सुलेशन फाटले आहे आणि त्या संचाचा पुरवठा त्याच क्षणी बंद करावा.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एका अडॅप्टरची गळती जाणवणारही नाही, पण आठ कॅमेऱ्यांना आठ स्वतंत्र अडॅप्टर असतील, तर त्या सगळ्यांची गळती कोअॅक्सिअल केबलच्या बाहेरच्या जाळीतून डीव्हीआरवर एकत्र येते आणि सुमारे अर्ध्या मिलिअँपिअरच्या पुढे बोटाला कळू लागते. दोषी अडॅप्टर ओळखण्यासाठी रेझिस्टर तसाच ठेवून सगळे काढून एकेक जोडत प्रत्येक वेळी मोजावे. एखाद्यामुळे आकडा अचानक उसळला, तर तोच बदलावा. सगळ्यांचाच वाटा सारखा असेल, तर डीव्हीआरच्या पेटीला एकाच जागी अर्थिंग द्यावे किंवा अडॅप्टरांऐवजी तीन पिनांचा एकच एसएमपीएस (सगळ्या कॅमेऱ्यांना एकत्र वीज देणारा पुरवठा-संच) बसवावा. धातूच्या एसएमपीएसचा अर्थिंगचा स्क्रू मोकळा राहिला, तर त्याची पेटीच झिणझिण्या देऊ लागते, म्हणून तो आवर्जून पाहावा.

चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील, तर कॅमेरा लोखंडी खांबाशी आणि डीव्हीआर अर्थिंगशी जोडला गेल्याने प्रवाहाला बंद वाट मिळाली आहे, असे बहुधा समजावे. कॅमेऱ्याखाली रबर किंवा प्लास्टिकची बैठक घालून तो खांबापासून वेगळा करावा, किंवा केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (ही बंद वाट तोडणारे छोटे उपकरण) बसवावा. पट्टे घालवण्यासाठी अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय मात्र कधीही करू नये. पट्टे जातील, पण बिघाड झाल्यास संरक्षणही उरणार नाही.

शेवटचे मोजमाप टीव्हीची एचडीएमआय केबल जोडून घ्यावे, कारण डिश किंवा केबलच्या जोडणीतून येणारे व्होल्टेज त्या वाटेने डीव्हीआरपर्यंत पोहोचू शकते.